डीलरने विकलेली गाडी आणि डीलरमार्फत घेतलेली गाडी

जुनी गाडी घेतल्यावर तोच बिघाड दुसऱ्यांदा आणि मग तिसऱ्यांदा उद्भवला की ग्राहक आयोगाकडे जायचा विचार मनात येतो, पण तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आणि कशाबद्दल करायची, इथेच गाडे अडते. याचे कारण असे की जुन्या गाड्यांच्या दुकानात दोन वेगवेगळे व्यवहार चालतात आणि बाहेरून ते अगदी सारखे दिसतात. एका व्यवहारात डीलर मूळ मालकाकडून गाडी स्वतः विकत घेतो आणि नफा ठेवून पुढे विकतो. दुसऱ्यात मालक आपली गाडी दुकानात नुसती उभी करतो, डीलर गिऱ्हाईक आणतो आणि कमिशन घेतो. बाजारात याला ‘पार्क अँड सेल’ म्हणतात. दोन्ही वेळा गाडी त्याच आवारात असते, टेस्ट ड्राइव्ह तोच माणूस देतो आणि भावही त्याच्याशीच ठरतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र पहिल्या व्यवहारात तो विक्रेता असतो आणि दुसऱ्यात मध्यस्थाची सेवा देणारा.

आरसी आणि हस्तांतरणाचे कागद पाहून हा फरक कळेल असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सहसा मूळ मालकाचीच सही असते, मग डीलरने गाडी मधल्या काळात विकत घेतलेली असो वा नसो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार जुन्या वाहनांच्या डीलरने आरटीओकडून प्राधिकारपत्र घेणे आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचे फॉर्म २९सी द्वारे कळवणे अपेक्षित आहे; ही नोंद झाली की डीलर त्या वाहनाचा मानीव मालक ठरतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक मानतो. अशी नोंद असेल, तर ‘मी फक्त मध्ये होतो’ हे म्हणणे त्याला बरेच जड जाते. नोंद नसेल, तर पैसे कोणाच्या खात्यात गेले, बिल कोणाच्या नावाचे आहे आणि डिलिव्हरी नोटवर कोणाच्या सह्या आहेत, हेच पाहावे लागते.

ही डिलिव्हरी नोट बारकाईने वाचण्यासारखी असते. तारखेसोबत वेळही घातलेली असते, त्याखाली ‘यापुढील पोलीस, आरटीओ व अपघाताची सर्व जबाबदारी खरेदीदाराची’ असा मजकूर, पुढे ‘गाडी जशी आहे तशी तपासून घेतली’ हे वाक्य आणि शेवटी जुन्या मालकाची व खरेदीदाराची सही. डीलरचे नाव मात्र फक्त वर, लेटरहेडवर असते. पैसे डीलरच्या खात्यात भरलेले असताना त्याची सही असलेले बिल न मागता हा कागद स्वीकारणे, ही माझ्या मते खरेदीदाराची सर्वांत महागात पडणारी ढिलाई आहे.

डीलर विक्रेता असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पूर्ण ताकदीने लागू होतो. जुन्या मालाला हा कायदा लागूच होत नाही, हा समज चुकीचा आहे. गुणवत्तेचा जो दर्जा कायद्याने, कराराने किंवा व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याने अपेक्षित आहे, त्यात असलेली उणीव म्हणजे ‘दोष’, अशी या कायद्यातील व्याख्या आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची क्लच प्लेट झिजलेली असणे हा दोष म्हणता येत नाही. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट, फुल सर्व्हिस रेकॉर्ड’ असे लिहून दिलेल्या गाडीची चासी वाकलेली निघाली, तर तो दोष ठरू शकतो. पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे उदाहरण महाराष्ट्राने २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर चांगलेच पाहिले आहे. अशा गाडीच्या वायरिंगच्या जोडांना आतून गंज चढत जातो, म्हणून आज सेन्सरचा दिवा लागतो, उद्या पॉवर विंडो बंद पडते, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर सगळे ठीक दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर एरवी आत राहणाऱ्या पट्ट्यावर गाळाची रेघ सापडू शकते. पुराची गोष्ट माहीत असून लपवलेली असेल, तर प्रश्न एका सुट्या भागाचा उरत नाही, संपूर्ण व्यवहाराचा होतो.

अशा वेळी आयोग दोष दूर करण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. तरीही अमुक वेळा दुरुस्ती फसली की पैसे आपोआप परत, असा कायदा भारतात नाही. नव्या गाडीच्या क्लचसंबंधी २००६ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटीनुसार सदोष भाग बदलून देणे पुरेसे असताना संपूर्ण गाडी बदलून मागता येणार नाही, अशी भूमिका घेतली होती. म्हणून ‘गाडीच परत घ्या’ ही मागणी करायची असेल, तर दोष मुळातला आहे किंवा विकतानाचा दावाच खोटा होता, हे दाखवावे लागते.

डीलर खरोखरच मध्यस्थ असेल, तर त्याच्याविरुद्धची तक्रार मालातील दोषाची न राहता सेवेतील त्रुटीची होते. संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा सेवेतील त्रुटीच आहे, असे २०१९ चा कायदा स्पष्ट म्हणतो. त्यामुळे डीलरने स्वतः गाडी तपासून ‘सर्टिफाइड’ म्हटले असेल किंवा मीटर मागे केलेले त्याला माहीत असेल, तर तो सुटत नाही. पण गाडीची संपूर्ण किंमत त्याच्याकडून वसूल करणे अवघड असते, कारण त्याने घेतलेले असते ते कमिशन.

मूळ मालकाचे काय? स्वतःची एखादी गाडी विकणारी व्यक्ती व्यापारी नसते, म्हणून तिच्याविरुद्धचा मार्ग सहसा दिवाणी न्यायालयाकडे जातो. माल विक्री कायदा, १९३० मधील गुणवत्तेच्या गृहीत अटी त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यालाच बांधतात. मालकाला बांधतात ते त्याने दिलेले शब्द आणि त्याने मुद्दाम झाकलेल्या गोष्टी. नुसते गप्प राहणे हा करार कायदा, १८७२ नुसार एरवी कपट ठरत नाही.

दोन्ही प्रकारांत बिघाडाची वारंवारता सिद्ध करते ते जॉब कार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना गॅरेज तक्रारी लिहून घेते तो कागद. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात सल्लागार अनेकदा ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहितो. तिथे ‘तिसरा गिअर अडकतो, हीच तक्रार मागच्या भेटीतही केली होती’ असे लिहून घ्यावे, खाली किलोमीटरचा आकडा पाहावा आणि प्रत घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. ग्राहक तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, आणि फुकट दुरुस्तीच्या आश्वासनांवर विसंबून ती वाढेल असे धरून चालू नये. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते.

व्यवहार कोणत्या प्रकारचा होता हे कागदांवरून ठरत नसेल, तर तक्रारीत डीलर आणि मूळ मालक या दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे. डीलरने ‘मी विक्रेता नाही’ असा बचाव घेतला, तर पैसे स्वतःच्या खात्यात का घेतले आणि त्यातले मालकाला किती दिले, हे त्याला आयोगापुढे कागदांनिशी सांगावे लागेल.