शितावरून देशाची परीक्षा

1965 साली एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांना फळांचा रस आणि कापडाचा तुकडा देऊन त्यांची प्रत ठरवायला सांगितली होती. रस सगळ्यांना एकच दिला, कापडही एकच. बदललं होतं ते फक्त चिठ्ठीवरचं देशाचं नाव: ग्वाटेमाला, मेक्सिको, कोस्टा रिका किंवा एल साल्वादोर. शेवटची दोन नावं वाचणाऱ्यांना माल हलका वाटला.

रॉबर्ट स्कूलर या संशोधकाचा हा निबंध आता मार्केटिंगच्या अभ्यासात पायाचा मानला जातो. मला त्यातली एक गोष्ट जास्त खटकते. मत देणारे कुठून लांबून आलेले नव्हते. एल साल्वादोरची सीमा ग्वाटेमालाला लागून आहे. शेजाऱ्यालाही देश जर चिठ्ठीवरून कळत असेल, तर समुद्रापलीकडच्या माणसाचं काय विचारता!

मोठ्या देशाबद्दल आपल्या डोक्यात शंभर गोष्टी साठलेल्या असतात, चांगल्या, वाईट, एकमेकींना छेद देणाऱ्या. नवी बातमी आली की ती एकशेएकावी होते आणि चित्र फारसं हलत नाही. लहान देशाबद्दल मात्र बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते, तीही अर्धवट. दुसरी बातमी आली की निम्मं चित्र तिचंच. संख्याशास्त्रात ज्याला नमुना लहान असणं म्हणतात, तोच हा प्रकार. त्यात हॅलो इफेक्टची भर पडते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवलं होतं की, सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसाला एका गुणात चांगले गुण देत, तेव्हा बाकीच्या गुणांतही हात सैल सोडत. देशांबाबत आपण त्या अधिकाऱ्यांपेक्षा वेगळे वागत नाही. घड्याळं अचूक, म्हणजे बँकाही प्रामाणिक असणार.

पण प्रतिमा चांगली असली म्हणजे मान मिळतोच असं नाही. इथे मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क आणि सहकाऱ्यांचं 2002 मधलं काम उपयोगी पडतं. परक्या गटाकडे पाहताना आपलं मन दोन प्रश्न विचारतं, असं त्यांचं म्हणणं. यांचा हेतू चांगला आहे का? आणि हेतू तडीस नेण्याची कुवत यांच्यात आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर आदर वाटतो. कुवत आहे पण हेतूबद्दल खात्री नाही, तर हेवा. दोन्ही नाही, तर तिरस्कार. आणि माणसं भली, पण हातून काही होणार नाही असं वाटलं, तर कीव. पुढे ही मोजपट्टी देशांनाही लावून पाहिली गेली. जो आपला स्पर्धक नाही त्याचा हेतू आपल्याला चांगला वाटतो आणि ज्याचा दर्जा वरचा त्याची कुवत आपण गृहीत धरतो, हेही या संशोधनातून पुढे आलं.

लहान देशाची अडचण इथेच आहे. तो कुणाचा स्पर्धक नसतो, त्यामुळे माया त्याला सहज मिळते. कुवत मात्र त्याला पुन:पुन्हा सिद्ध करावी लागते.

नोव्हेंबर 2021 मध्ये प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी सूट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभं राहून हवामान परिषदेसाठी भाषण रेकॉर्ड केलं. ते दृश्य जगभर फिरलं. सुमारे दहा-अकरा हजार वस्तीच्या या देशाशी 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाने करार केला: दरवर्षी तिथल्या 280 जणांना ऑस्ट्रेलियात राहायला जाता येईल आणि समुद्राने जमीन गिळली तरी तुवालूचं राज्य म्हणून अस्तित्व मान्य राहील. हे थोडं नाही. पण त्याच करारात असंही आहे की, सुरक्षेबाबत आणखी कुणाशी काही ठरवायचं तर ऑस्ट्रेलियाची सहमती हवी. मदत मिळाली आणि मदतीबरोबर एक पालकही मिळाला.

याच महासागरातल्या वानुआटूने दुसरी वाट धरली. 2019 मध्ये कायद्याच्या काही विद्यार्थ्यांच्या डोक्यात आलं की, हवामानाबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारावं. सरकारने ती कल्पना उचलली, नेट लावून देश गोळा केले. मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव मतदानाशिवाय मंजूर झाला, तेव्हा 132 देश सहप्रस्तावक होते. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने एकमताने मत दिलं. सुमारे तीन लाखांच्या देशाने मोठमोठ्या देशांच्या वकिलांना हेगच्या या न्यायालयात उत्तरं द्यायला उभं केलं. संकट तेच होतं, पण इथे जगाला वानुआटूची कुवत दिसली.

कुवतीची प्रतिमा घडवण्याचं सगळ्यात पद्धतशीर उदाहरण बहुधा एस्टोनियाचं. 1991 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा 'सोव्हिएत संघातून फुटलेला एक तुकडा' एवढीच त्याची ओळख होती. 2005 मध्ये त्याने देशभरातल्या स्थानिक निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान घेतलं, जगात पहिल्यांदा. 2007 मध्ये त्याच्या बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारी संकेतस्थळांवर मोठा सायबर हल्ला झाला. एखाद्याची अब्रूच गेली असती. एस्टोनियाने मात्र या अनुभवालाच भांडवल केलं, आणि पुढच्याच वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र राजधानी टॅलिनमध्ये उभं राहिलं.

उलटा प्रवासही तितकाच झटपट होतो. ऑक्टोबर 2008 मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या तेव्हा ब्रिटनने लँड्सबँकी या बँकेची मालमत्ता गोठवण्यासाठी दहशतवादविरोधी कायदा वापरला. मासेमारी करणाऱ्या साध्या-सरळ लोकांचा देश एका दिवसात दहशतवाद्यांच्या पंगतीत जाऊन बसला. 'आम्ही दहशतवादी नाही' अशा अर्जावर सुमारे 80 हजार सह्या झाल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वातीन लाख होती. दीड वर्षात ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं जमिनीवर आणली आणि आइसलँडचं नाव पुन्हा जगाच्या तोंडी आलं. सरकार आणि पर्यटन व्यवसायाने लगेच प्रचारमोहीम काढली. 2010 मध्ये पाच लाखांच्या आसपास असलेले पर्यटक 2017 मध्ये वीस लाखांवर गेले. मोहिमेचे कर्ते श्रेय घेतात, पण चलन स्वस्त झालं होतं आणि विमानफेऱ्याही वाढल्या होत्या; कशाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. प्रतिमेच्या अभ्यासात ही कटकट कायमची.

आणखी एक कटकट आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. शितावरून भाताची परीक्षा करताना आपण नेमकं कुठलं शीत उचलतो? भूतान म्हटलं की 'सकल राष्ट्रीय आनंद' आठवतो, म्हणजे देशाची प्रगती नुसत्या उत्पन्नावरून न मोजता लोकांच्या आनंदावरून मोजायची कल्पना. 2011 मध्ये भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी आनंदावर ठराव केला, आणि आता 20 मार्च हा आनंद दिन म्हणून पाळला जातो. ज्या वर्षी तो ठराव झाला, त्या वर्षीही पूर्व नेपाळच्या छावण्यांत भूतानमधून 1990 च्या दशकात बाहेर पडावं लागलेले नेपाळीभाषक हजारोंच्या संख्येने राहत होते. एकेकाळी त्यांची संख्या लाखावर होती. त्यातल्या बहुतेकांना पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांनी आसरा दिला. नव्या देशात त्यांनी आपण भूतानचे असं सांगितलं, की ऐकणारे कौतुकाने विचारत असतील, 'म्हणजे तो आनंदी देश ना?'