ग्रंथालय संघ, प्रादेशिक

एका प्रदेशातील स्वतंत्र ग्रंथालयांनी आपापली मालकी व कारभार कायम ठेवून ग्रंथ, तालिका (ग्रंथांच्या नोंदींची सूची), संगणकप्रणाली आणि नियतकालिकांच्या वर्गण्या यांचा सामायिक वापर करण्यासाठी करारान्वये केलेली संघटना. दोन ग्रंथालयांतील प्रासंगिक देवघेव तीत मोडत नाही.

संघाचा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमधील फ्रान्सिस्कन भिक्षूंनी बहुधा १३व्या शतकाच्या अखेरीस वा १४व्याच्या प्रारंभी अनेक मठांतील ग्रंथांची एकत्रित सूची केली होती. काही अभ्यासक तिलाच आरंभबिंदू मानतात. परंतु ग्रंथ कोठे आहे एवढेच तीवरून कळते, तो देण्याचे बंधन कळत नाही. अमेरिकेतील ड्यूक व नॉर्थ कॅरोलायना या शेजारच्या विद्यापीठांनी १९३३ मध्ये सुरू केलेले सहकार्य अधिक ग्राह्य वाटते, कारण पुढे त्यातून कोणी कोणते ग्रंथ खरेदी करायचे, याची वाटणी झाली. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये स्थापलेल्या केंद्राने २६ ऑगस्ट १९७१ पासून ऑनलाइन तालिकीकरण सुरू केले. तो तांत्रिक टप्पा होय. भारतात डेलनेट (१९८८) हे दिल्लीपुरते ग्रंथालयांचे जाळे पुढे देशभर पसरले.

देवघेवीचा कणा म्हणजे संघतालिका, म्हणजेच सर्व सभासद ग्रंथालयांच्या ग्रंथांची एकत्रित तालिका. वाचकाची मागणी आली की प्रणाली उपलब्ध प्रत असलेल्या सभासदांचा क्रम लावते. ठरलेल्या मुदतीत एकाने प्रतिसाद दिला नाही, तर मागणी पुढच्याकडे जाते. एकाच मोठ्या ग्रंथालयावर भार पडू नये म्हणून हा क्रम फिरता ठेवतात. खरी अडचण नोंदींची असते. बहुखंडी ग्रंथाची एका ग्रंथालयात सर्व खंडांची मिळून एक नोंद असते, दुसऱ्यात खंडागणिक वेगळी. मग तिसरा खंड मागावा आणि पहिला यावा, असे घडते. नोंदींचे नियम आधी एकसारखे न करता उभारलेल्या तालिकेचा उपयोग मर्यादितच राहतो.

इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांसाठी संघ प्रकाशकाशी एकत्रित वाटाघाटी करतो. खर्चाची विभागणी पूर्वीच्या छापील वर्गण्यांवर, विद्यार्थिसंख्येवर किंवा प्रत्यक्ष वापरावर करतात. पहिल्या पद्धतीत जुन्या, मोठ्या ग्रंथालयांवरचा बोजा तसाच राहतो, म्हणून ती वादग्रस्त आहे. संघाबाहेरील ग्रंथालयाला लेखाची प्रत देता येईल की नाही, हे प्रकाशकाने दिलेल्या परवान्यातील कलमावर अवलंबून असते.

क्वचित वापरल्या जाणाऱ्या ग्रंथांसाठी सामायिक कोठार ठेवणे व प्रदेशातील शेवटची प्रत संग्रहातून काढून न टाकणे, हीदेखील काही संघांची कामे आहेत.