२३ सप्टेंबर आणि ३ डिसेंबर: कॉलेजातले दोन दिवस, दोन वेगळ्या मागण्या

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या सुरुवातीला कॉलेजांत दिव्यांगांविषयीचे कार्यक्रम होतात. बऱ्याच ठिकाणी दोन्हींचा साचा एकच असतो: दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं जिद्दीवरचं भाषण, दोन-चार सत्कार, आभार. सप्टेंबरमध्ये चाचणी परीक्षा आडवी आली, तर ‘डिसेंबरमध्ये एकत्रच करून टाकू’ असं ठरतं आणि दोन्ही दिवस एकाच दुपारी उरकले जातात. अहवालात दोन्हींची नोंद होते. पण या दोन दिवसांच्या मागण्या वेगळ्या आहेत, आणि त्या एकत्र कालवल्या की दरवेळी सप्टेंबरची मागणी बुडते. हे फार वेळा बघितलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी तारखा. २३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. १९५१ साली याच तारखेला रोममध्ये जागतिक बधिर महासंघाची स्थापना झाली. महासंघाने १९५८ पासून सप्टेंबरच्या शेवटी बधिरांचा आंतरराष्ट्रीय सप्ताह पाळायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१७ मध्ये ठराव करून २३ सप्टेंबर हा सांकेतिक भाषांचा दिवस ठरवला आणि २०१८ मध्ये तो पहिल्यांदा पाळला गेला. बधिरांनी स्वतःच्या बळावर सप्ताह चालवला आणि साठ वर्षांनी जगाने त्यातल्या एका दिवसावर शिक्कामोर्तब केलं, असा हा क्रम आहे.

३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, त्यानंतर १९८३ ते १९९२ हे दशक त्यासाठी दिलं, आणि दशक संपताना १९९२ मध्ये ही तारीख कायमची ठरली. हा दिवस सगळ्यांचा आहे: व्हीलचेअर वापरणारे, अंध, अल्पदृष्टी, बौद्धिक अक्षमता असलेले, मानसिक आजार असलेले, थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचे रुग्ण. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात असे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते. कर्णबधिरही या यादीत आहेतच. त्यामुळे ‘मग वेगळा दिवस कशाला?’ हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल.

उत्तर शोधायला मला अमेरिकेतल्या दोन कॅम्पसांची गोष्ट सगळ्यात उपयोगी वाटते, कारण तिथे दोन्ही मागण्या विद्यार्थ्यांच्याच तोंडून ऐकू येतात.

पहिला कॅम्पस बर्कलीचा. एड रॉबर्ट्स या मुलाला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळपास लुळं पडलं होतं आणि झोपताना त्याला श्वास देणाऱ्या आयर्न लंग या अवजड यंत्रात राहावं लागे. १९६२ मध्ये तो कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला. ते यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून त्याची सोय कॅम्पसवरच्या रुग्णालयात केली गेली. पुढे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी तिथे आले आणि त्यांनी ‘रोलिंग क्वाड्स’ नावाचा गट काढला. रुग्णालयात राहणाऱ्या या मुलांचं म्हणणं असं होतं की आम्ही रुग्ण नाही, विद्यार्थी आहोत. आम्हाला इतरांसारखं शहरात राहू द्या, वर्गात येऊ द्या, अडचण आमच्या शरीरात कमी आणि तुमच्या पायऱ्यांत जास्त आहे. त्यांच्या रेट्यातून १९७० मध्ये विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली आणि १९७२ मध्ये शहरात स्वतंत्र जीवनाचं केंद्र उभं राहिलं. फुटपाथच्या कडा उतरत्या करण्याचं कामही बर्कलीत याच काळात झालं.

दुसरा कॅम्पस वॉशिंग्टनमधला, गॅलॉडेट विद्यापीठाचा. १८६४ पासून बधिरांच्या उच्च शिक्षणासाठी चालणारी ही संस्था, पण १९८८ पर्यंत तिचा एकही अध्यक्ष बधिर नव्हता. त्या वर्षी ६ मार्चला विश्वस्तांनी तीन अंतिम उमेदवारांमधून एलिझाबेथ झिन्सर यांची निवड केली. तिघांत ऐकू येणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि त्यांना सांकेतिक भाषा येत नव्हती. विद्यार्थ्यांनी फाटकं अडवली, कॅम्पस बंद पाडला, संसदेवर मोर्चा नेला. आठवडाभरात झिन्सर बाजूला झाल्या, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी पद सोडलं आणि १३ मार्चला आय. किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष नेमले गेले. विश्वस्त मंडळात बधिरांचं बहुमत असावं, हीदेखील मागणी होती आणि ती मान्य झाली.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. बर्कलीची मुलं म्हणत होती, आम्हाला सगळ्यांमध्ये यायचं आहे, वाटेतल्या पायऱ्या काढा. गॅलॉडेटच्या मुलांपुढे पायरी नव्हतीच. त्यांच्याकडे स्वतःची भाषा होती, ती बोलणारा समाज होता, आणि ती भाषा न येणारी व्यक्ती आमचा कारभार कसा चालवणार, हा त्यांचा सवाल होता. मराठी न येणाऱ्या माणसाला मराठी शाळेचा मुख्याध्यापक केलं तर आपण जे म्हणू, तेच ते म्हणत होते. डिसेंबरचा दिवस बर्कलीच्या मागणीचा वारस आहे, सप्टेंबरचा गॅलॉडेटच्या.

खेळांतही हीच दोन टोकं दिसतात. पॅरालिम्पिकमध्ये बधिर खेळाडूंसाठी गट नाही. त्यांची डेफलिम्पिक्स वेगळी, आणि ती १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. पहिली पॅरालिम्पिक मानली जाते ती १९६० ची, रोमची. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं, तोवर डेफलिम्पिक्सची परंपरा जवळपास अर्ध्या शतकाची झाली होती.

रंगसुद्धा वेगळे आहेत. जागतिक बधिर समाजाचा रंग निळा. दिव्यांग चळवळीचा जांभळा. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा मोठा महोत्सव सुरू झाला, त्याचं नावच पर्पल फेस्ट आहे. पोस्टर करताना एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

सप्टेंबरच्या कार्यक्रमात भाषा मध्यभागी हवी, असं मी म्हणते तेव्हा लोकांना वाटतं की मराठी शब्दांमागून शब्द हातांनी दाखवले की झाली सांकेतिक भाषा. तसं नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ‘तू कुठे राहतोस?’ या वाक्यात मराठी ‘कुठे’ आधी घेते आणि क्रियापदावर थांबते. सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: तू, राहणं, कुठे. हो-नाही अशा उत्तराचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात, आणि त्या भुवया व्याकरणाचाच भाग असतात. त्या गेल्या नाहीत तर प्रश्नाचं साधं विधान होतं. जगभर एकच सांकेतिक भाषा आहे, हाही समज खोटा. सप्टेंबरच्या पोस्टरवर हमखास इंटरनेटवरून उचललेली ए-बी-सीची चित्रं असतात, आणि ती बहुतेक वेळा अमेरिकन, एका हाताची असतात. आपल्याकडे इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी, ब्रिटिश वळणाने दाखवतात. बधिर विद्यार्थी ते पोस्टर बघतो तेव्हा त्याच्या दिवशी त्याला परक्या देशाची लिपी दिलेली असते. चूक टाळणं अगदी सोपं आहे. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याचा कोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो १०,००० शब्दांवर गेला. त्याचे व्हिडिओ खुले आहेत.

डिसेंबरच्या दिवसाचं मर्म वेगळं. तिथे एक उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, माणसागणिक सोय बदलते. अल्पदृष्टीच्या मुलीला मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका हवी, अंध मुलाला लेखनिक हवा, सेरेब्रल पाल्सी असलेल्याला जादा वेळ हवा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनुसार तो तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची सोय ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापुरती अडवून ठेवता येणार नाही. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. डिसेंबरमध्ये अशा गोष्टी बोलल्या जाव्यात: परीक्षा विभागाचा अर्ज कुणाकडे द्यायचा, लिफ्ट कुठल्या इमारतीत नाही, सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत कायद्याने ठेवायच्या किमान पाच टक्के जागांपैकी किती भरल्या. डोळ्यांवर पट्टी बांधून जिना उतरायला लावण्याचे खेळ मात्र थांबवावेत असं मला मनापासून वाटतं. पट्टी बांधणाऱ्याला अंधत्वाचा पहिला घाबरा क्षण कळतो; वर्षानुवर्षं पांढरी काठी वापरून कमावलेलं कौशल्य त्याला दिसतच नाही, आणि तो कीव घेऊन घरी जातो. कानात बोळे घालून ओठ वाचायला लावण्याचा खेळही याच जातीचा.

इथवर फरक सरळ आहे. गुंता पुढे आहे, आणि कॉलेजांची गल्लत तिथेच होते.

ज्याला ऐकू येत नाही तो प्रत्येक जण सांकेतिक भाषा बोलतोच असं नाही. दहांपैकी नऊहून जास्त बधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरी ही भाषा नसते, आणि कित्येक शाळांनी ती वर्गात येऊ दिली नाही. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत बधिर मुलांना तोंडी बोलण्याच्याच पद्धतीने शिकवावं असा ठराव झाला आणि त्याचं ओझं जगभरच्या शाळांनी शंभर वर्षं वाहिलं. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्यामुळे तुमच्या एकाच वर्गात एक मुलगी अस्खलित सांकेतिक भाषा बोलणारी असेल आणि तिच्या शेजारचा मुलगा श्रवणयंत्र लावून, समोरच्याचे ओठ वाचून, मराठीत बोलणारा. त्याला सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा उपयोग शून्य; त्याला पडद्यावर चालू मथळे, म्हणजे बोललेलं तिथल्या तिथे लिहून आलेलं, हवेत, वक्त्याने माईक तोंडासमोर धरून चेहरा झाकू नये, एवढं हवं. उलट त्या मुलीला फक्त मथळे देऊन भागत नाही, कारण लिखित मराठी ही तिची दुसरी भाषा आहे. कायद्याच्या लेखी दोघांचं प्रमाणपत्र एकच: दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर बधिर. मुलगा बहुतांशी डिसेंबरच्या मागणीतला, मुलगी दोन्हींतली.

आणि दोन्ही दिवस एकमेकांचे वैरी नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा दिव्यांग हक्क करार घडवण्यात जागतिक बधिर महासंघाचा हात होता. त्या करारात भाषेच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे आणि शिक्षणाच्या कलमात बधिर समाजाच्या भाषिक ओळखीचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या २०१६ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं की अंध, बधिर किंवा दोन्ही असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्यासाठी सर्वांत योग्य भाषेत आणि माध्यमात शिक्षण मिळावं. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲडव्होकेट सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली, तेव्हा हे दोन्ही हक्क एकाच खोलीत उभे होते: व्यवस्थेने करून दिलेली सोय, आणि त्या सोयीतून बोललेली त्यांची भाषा.

म्हणून डिसेंबरच्या कार्यक्रमातही दुभाषी हवाच, आणि तो नीट बसवलेला हवा. एका सभागृहात पाहिलेली गोष्ट सांगते. दुभाषी आणला होता, मंचाच्या उजव्या कडेला उभा होता, पहिल्या रांगेत सहा-सात बधिर विद्यार्थी. भाषण छान चाललं होतं. मग वक्त्यांनी स्लाइड्स सुरू केल्या आणि कुणीतरी नेहमीप्रमाणे सगळे दिवे बंद केले. दुभाषी अंधारात हात हलवत राहिला. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्यावर धरला आणि पुढची वीस मिनिटं तो हात खाली न घेता तसाच बसून राहिला. मागच्या रांगांतून त्याला ‘टॉर्च बंद कर’ म्हणून ओरडणं चाललं होतं, जे त्याला अर्थातच ऐकू येत नव्हतं. आयोजक मंडळी मनाने चांगली होती. पण मंचावरचा एक दिवा चालू ठेवायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा कामाचं थोडं. तासाभराहून मोठा कार्यक्रम असेल तर दुभाषी दोन लागतात, कारण साधारण १५ ते २० मिनिटांनी ते एकमेकांना विश्रांती देतात. थोडीफार सांकेतिक भाषा शिकलेल्या स्वयंसेवकावर हे काम टाकू नये. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला श्रवण-वाचा अक्षमतेवर काम करणारी अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दुभाषी घडवण्याचं शिक्षण तिथे मिळतं, चौकशी तिथून सुरू करता येते. भाषण आणि स्लाइड्स दुभाष्याला आदल्या दिवशी द्याव्यात, नावं आणि तांत्रिक शब्द तर नक्कीच. दुभाष्याच्या मागे खिडकी नको, अंगावर प्रकाश हवा, आणि तो वक्त्याच्या जवळ हवा, म्हणजे बधिर प्रेक्षकाला दोघांकडे एका नजरेत बघता येतं. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवा. सप्टेंबरच्या कार्यक्रमात मंचावर बधिर माणूस असावा आणि त्याची भाषा न येणाऱ्या आपल्यासाठी दुभाष्याने मराठीत बोलावं. तिथे सोय आपल्याला लागते.

दोन्ही कार्यक्रमांच्या नोंदणी अर्जात एक प्रश्न घाला: तुम्हाला काय लागेल? खाली पर्याय: सांकेतिक भाषेचा दुभाषी, चालू मथळे, व्हीलचेअरची जागा, मोठ्या अक्षरातलं पत्रक, सोबतीसाठी माणूस, आणि ‘आणखी काही’साठी मोकळी ओळ. अर्ज कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी खुला करा, नाहीतर दुभाषी मिळणार नाही. आणि संपर्कासाठी नुसता फोन नंबर देऊ नका. व्हिडिओ कॉल आणि मेसेज चालणारा नंबर द्या.