लाकडी धनुष्यावर जवसाचे तेल कसे बसते

यू वृक्षाच्या एकाच दांड्यातून घडवलेले इंग्रजी लांब धनुष्य असो किंवा अमेरिकेतल्या ओसेज ऑरेंजच्या पिवळ्या, चिवट लाकडाचे धनुष्य असो, हाताने धनुष्य घडवणारे बरेच कारागीर त्याला अखेरीस तेलच लावतात आणि हे तेल पुष्कळदा जवसाचे असते. ते लावणे हे काही मिनिटांचे काम आहे. वाळायला मात्र दिवस, कधी कधी आठवडे लागतात. या वाळण्याचा पाण्याच्या वाळण्याशी काहीही संबंध नाही. काचेच्या पट्टीवर जवसाच्या तेलाचा पातळ थर देऊन तिचे रोज वजन केले, तर तेल घट्ट होत जाते तसे वजन वाढत असल्याचे दिसते, आणि ही वाढ तेलाच्या मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकते. वाढलेले हे वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे असते.

तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि त्याच्या साखळीत कार्बनचे तीन द्विबंध, म्हणजे दुहेरी जोड असतात. दोन द्विबंधांच्या मध्ये असलेल्या कार्बनवरचे हायड्रोजन अणू सैल धरलेले असतात. ते सुटले की त्या जागी ऑक्सिजन शिरतो, पेरॉक्साइड नावाची ऑक्सिजनची अस्थिर संयुगे तयार होतात, ती तुटतात आणि तुटताना शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडून टाकतात. असे जोड वाढत गेले की वाहते तेल एकसंध जाळे बनते, जे उष्णतेने वितळत नाही आणि टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही. ताज्या तेलकामाचा तो विशिष्ट उग्र वास याच तोडफोडीतून निघणाऱ्या अल्डिहाइडांचा असतो. फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या दशकात लिनोलियम हे जमिनीवर अंथरायचे आच्छादन तयार केले, तेही याच घट्ट झालेल्या जवस तेलापासून.

आपल्या स्वयंपाकघरातले प्रत्येक तेल असे वाळत नाही. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, यावरून त्यातील द्विबंधांचा अंदाज येतो. हे आयोडीन मूल्य जवसासाठी साधारण १७० ते २००, करडईसाठी १४५ च्या आसपास, शेंगदाण्यासाठी ९० च्या आसपास आणि खोबरेलासाठी जेमतेम १० असते. म्हणूनच खोबरेल लावलेले धनुष्य कितीही दिवस ठेवले तरी तेलकटच राहील, तर करडईचे तेल सावकाश का होईना, वाळेल. चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात ते वापरले जाते, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळे पडते. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे कच्चे तेल लाकडाला चालते, पण फार वेळ घेते. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवस तेलात सहसा कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार मिसळलेले असतात. ते पेरॉक्साइड लवकर तोडतात आणि थर साधारण एका दिवसात धरतो. हे तेल खाण्याचे नव्हे, हे वेगळे सांगायला हवे.

ऑक्सिजन वरून आत जात असल्यामुळे थर जाड ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी घाई होय. जाड थराच्या पृष्ठभागावर दुधावर साय धरावी तशी कातडी येते, खालचे तेल हवेला पारखे होते आणि धनुष्य महिनोन् महिने चिकट राहते. म्हणून लाकूड बारीक पॉलिश पेपरने घासून, ओल्या फडक्याने पुसून, उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून घ्यावेत. मग पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तेलाचा द्यावा, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावा आणि पृष्ठभागावर उरलेले सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. बोट फिरवल्यावर ओलसर ठसा उमटत असेल, तर पुसणे अपुरे झाले आहे. पुढचा हात आधीचा पूर्ण धरल्यावरच द्यावा, आणि असे चार-पाच हात पुरतात. ऊब, प्रकाश आणि खेळती हवा यांनी काम लवकर होते. तरीही घाईपोटी धनुष्य हीटरजवळ ठेवणे घातक आहे, कारण तेलाबरोबर लाकूडही कोरडे पडते आणि अति कोरडे धनुष्य ओढताना तुटते. काही लाकडे स्वतःच अडथळा आणतात: साग आणि शिसमातील नैसर्गिक द्रव्ये ऑक्सिजनची ही साखळी प्रक्रिया मध्येच रोखतात.

तेलाने माखलेल्या फडक्यांबाबत मात्र अजिबात हलगर्जी नको. ऑक्सिजन शोषताना उष्णता निर्माण होते. धनुष्यावर ती हवेत निघून जाते, पण चुरगळून ढीग केलेल्या फडक्यांत ती कोंडते आणि फडकी काही तासांत ठिणगीवाचून पेट घेऊ शकतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातील ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या २२ व्या मजल्यावर लागलेली आग जवस तेलाच्या अशाच चिंध्यांतून सुरू झाली. तीन अग्निशमन जवानांचा त्यात मृत्यू झाला आणि स्वयंचलित फवारे असलेल्या ३० व्या मजल्यावर ती थांबली. फडकी बाहेर, एकेक सुटी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

धनुष्य पूर्ण ओढले की त्याच्या पाठीचे (लक्ष्याकडच्या बाजूचे) तंतू सुमारे एक टक्का ताणले जातात आणि पोटाचे (धनुर्धराकडच्या बाजूचे) तितकेच दाबले जातात. ठिसूळ लेप अशा वेळी तडकतो. तेलाचा पातळ, लवचिक थर लाकडाबरोबर वाकतो, ही त्याची खरी जमेची बाजू. पण तेलाने लाकूड जलरोधक होते, ही समजूत मला सोडून द्यावीशी वाटते. तेलाचे मोठे रेणू लाकडाच्या पेशीभित्तींत शिरत नाहीत, आणि वाळलेल्या थरातून पाण्याची वाफ सहज आरपार जाते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात सुमारे ९ टक्के पाणी असते, ८० टक्के झाली की ते १६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. तेलाचा थर हा बदल फार तर काही दिवस लांबवतो. ओलावलेले धनुष्य कायमचे वाकते आणि त्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, कमी होते. पाऊस अंगावरून निथळून जावा यासाठी तेलावर मेण घासण्याची प्रथा म्हणूनच रास्त आहे. धनुर्विद्येवर पुस्तक लिहिणाऱ्या रॉजर ॲस्कम या इंग्रज लेखकाने १५४५ मध्येच मेण लावलेल्या लोकरी फडक्याने धनुष्य रोज घासायला सांगितले होते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात एवढेही पुरे पडत नाही. तिथे शेलॅक (लाखेचा लेप) किंवा इपॉक्सीसारखा वाफेला अधिक अडवणारा लेप द्यावा, आणि दोरी उतरवून धनुष्य कोरड्या खोलीत, भिंतीपासून दूर, आडवे ठेवावे.