अपघातानंतर पुन्हा शर्यतीत उतरायचं तर: नॅसकारमधली पात्रता, कागदपत्रं आणि वैद्यकीय मंजुरी

गाडी भिंतीवर आदळते, धूर निघतो, खिडकीची जाळी खाली पडते, ड्रायव्हर बाहेर येऊन हात हलवतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी अपघात तिथे संपतो. नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेत मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, नियमांच्या दृष्टीने मात्र तिथून पुढे एक प्रक्रिया सुरू होते. ती पूर्ण झाल्याशिवाय त्या ड्रायव्हरला गाडीत बसता येत नाही, मग तो कितीही मोठा विजेता असो. ‘मी ठीक आहे’ हे त्याचं म्हणणं ऐकून घेतात, पण तेवढ्यावर कुणी सही करत नाही.

हे नियम आले कुठून

२००० साली नॅसकारच्या तीन राष्ट्रीय मालिकांमध्ये तीन ड्रायव्हर अपघातात दगावले: मे महिन्यात ॲडम पेटी आणि जुलैमध्ये केनी अर्विन, दोघंही न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर, ऑक्टोबरमध्ये टेक्सासला टोनी रोपर. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेले. त्यांच्या कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं. गाडी भिंतीवर थांबते, पट्टे धडाला धरून ठेवतात, पण हेल्मेटसकट डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. हे डोकं आवरून धरणारं साधन, म्हणजे हॅन्स, तेव्हा बाजारात होतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी ते शोधलं होतं. बरेच ड्रायव्हर अडचण होते म्हणून ते वापरत नसत. ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकारने मान-डोकं रोखणारं साधन सक्तीचं केलं. पुढच्या वर्षी इंडियानापोलिस ट्रॅकच्या काँक्रीटच्या भिंतीपुढे धक्का शोषणारी सेफर भिंत उभी राहिली. अर्नहार्ट यांच्यानंतर या तीन मालिकांच्या शर्यतीत अपघाताने एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

हंगामाआधी: पात्रता आणि कागदपत्रं

ड्रायव्हरचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. अर्जासोबत शारीरिक तपासणीचा अहवाल लागतो, अंमली पदार्थांच्या चाचणीला संमती लागते, आणि आजवर कुठे, कोणत्या गाड्या चालवल्या याचा तपशील द्यावा लागतो. हा तपशील फार बारकाईने पाहतात, कारण मंजुरी ट्रॅकच्या प्रकारानुसार मिळते. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर उत्तम चालवणाऱ्याला डेटोनासारख्या अडीच मैलांच्या वेगवान ट्रॅकवर आपोआप प्रवेश मिळत नाही. २०२५ च्या डेटोना ५०० साठी माइक वॉलेस यांच्याकडे गाडी होती, अनुभवही जुना होता, तरी नॅसकारने त्यांना परवानगी नाकारली. २०१५ नंतर ते मध्यम किंवा मोठ्या ट्रॅकवर उतरलेच नव्हते. मला हा निर्णय योग्य वाटतो. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या गर्दीत एकाची चूक वीस जणांना भोवते.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मेंदूच्या कार्यक्षमतेची आधारचाचणी. २०१४ पासून ती सक्तीची आहे. ड्रायव्हर धडधाकट असताना त्याला संगणकासमोर बसवतात. शब्द आणि आकृत्या लक्षात ठेवणं, रंग-चिन्हं ओळखणं, पटकन प्रतिसाद देणं अशा कसोट्या असतात. हे गुण जपून ठेवतात. पुढे डोक्याला मार लागला की तीच चाचणी पुन्हा घेतात आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघतात.

याची गरज का पडली? ऑगस्ट २०१२ मध्ये अर्नहार्ट यांचे चिरंजीव डेल अर्नहार्ट ज्युनिअर यांना कॅन्ससला टायरच्या चाचणीत जोराचा धक्का बसला. त्यांनी तो अंगावर काढला आणि शर्यती सुरूच ठेवल्या. ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाला पुन्हा आदळल्यावर ते स्वतःहून डॉक्टरांकडे गेले आणि दोन शर्यतींना मुकले. मोडलेला पाय एक्स-रेत दिसतो. मेंदूला बसलेला धक्का बऱ्याचदा स्कॅनमध्येही दिसत नाही, आणि ज्याला जागा गमवायची भीती आहे तो बोलतही नाही.

आदळल्यानंतर काय करायचं

शुद्धीत असाल आणि ठीक असाल तर खिडकीची जाळी खाली सोडायची. बचाव पथकासाठी ती पहिली खूण असते; जाळी वरच राहिली की पथक सगळं सोडून त्या गाडीकडे धावतं. त्यानंतर आहे तिथेच बसून राहायचं. आग किंवा धूर नसेल तर पथक सांगेपर्यंत पट्टे सोडायचे नाहीत, हेल्मेट काढायचं नाही, आणि बाहेर आल्यावर धावत्या गाड्यांच्या दिशेने जायचं नाही. न्यूयॉर्क राज्यात ऑगस्ट २०१४ मध्ये स्प्रिंट कारच्या शर्यतीत केव्हिन वॉर्ड ज्युनिअर हा तरुण गाडीतून उतरून ट्रॅकवर चालत गेला आणि दुसऱ्या गाडीखाली सापडून गेला. त्यानंतर काही दिवसांतच नॅसकारने हा नियम केला.

गाडी पुढे चालण्याजोगी राहिली नसेल तर ट्रॅकच्या आतल्या उपचार केंद्रात जावंच लागतं. तिथे नेहमीच्या तपासणीबरोबर डोक्याच्या दुखापतीची ठरावीक चाचणी होते: प्रश्नोत्तरं, स्मरण, तोल सांभाळणं. निकाल दोनच, सोडलं किंवा नाही सोडलं. शंका आली तर रुग्णालय.

परतीची मंजुरी

मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं तर शर्यतीचे दरवाजे बंद होतात. परत यायला मेंदूविकारतज्ज्ञाची किंवा मेंदूच्या शल्यविशारदाची मंजुरी हवी, आणि ती पाहून नॅसकारची. किती दिवस लागतील हे कुणी सांगू शकत नाही. अर्नहार्ट ज्युनिअर २०१६ मध्ये पुन्हा आजारी पडले आणि उरलेल्या हंगामातल्या १८ शर्यती त्यांनी सोडल्या. डिसेंबरमध्ये डार्लिंग्टनच्या रिकाम्या ट्रॅकवर त्यांनी १८५ फेऱ्या मारल्या, शल्यविशारद जेरी पेटी तिथे उभे राहून बघत होते. मगच मंजुरी मिळाली. कर्ट बुश यांचं तसं झालं नाही. जुलै २०२२ मध्ये पोकोनोला पात्रता फेरीत त्यांची गाडी मागच्या बाजूने आदळली. मंजुरी कधी आलीच नाही आणि त्यांची कारकीर्द तिथेच थांबली. त्याच वर्षी अ‍ॅलेक्स बोमन पाच शर्यतींना मुकले. २०२२ मध्ये आलेल्या नव्या गाडीचा मागचा भाग फार कडक असल्याची ड्रायव्हरांची तक्रार होती. २०२३ साठी तो बदलला गेला.

२०१५ च्या नियमांत शर्यती हुकलेल्या ड्रायव्हरला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत राहायचं असेल तर सूट मिळवण्यासाठी संघाने वेगळा अर्ज करायचा. त्या फेब्रुवारीत डेटोनाला काइल बुश उघड्या काँक्रीटवर आदळले, उजवा पाय आणि डावं पाऊल मोडलं, ११ शर्यती हुकल्या. एक विजय आणि गुणतक्त्यात पहिल्या ३० मध्ये स्थान, या अटींवर त्यांना सूट मिळाली, आणि त्या वर्षीचं अजिंक्यपद त्यांनीच जिंकलं.

लहान ट्रॅकवर सुरुवात करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरातलं कुणी गावच्या ट्रॅकवर उतरणार असेल तर आधी त्या ट्रॅकचं नियमपुस्तक मागून घ्या. वयाची अट आणि परवाना प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या सहीचं संमतीपत्र लागतं, बऱ्याच ठिकाणी नोटरी केलेलं आणि दोघांच्याही सहीचं. सामान जुनं घेताना लेबल वाचा. पट्ट्यांवरच्या एसएफआय (शर्यतीच्या सामानाचे सुरक्षा-निकष ठरवणारी संस्था) लेबलवर महिना-वर्ष टोचलेलं असतं आणि त्यांची मुदत साधारण दोन वर्षं धरतात. मान-डोकं रोखणाऱ्या साधनावर ३८.१ हा एसएफआयचा क्रमांक हवा आणि पाच वर्षांनी ते पुन्हा प्रमाणित करून घ्यायचं. ट्रॅकने आधारचाचणी मागितली नाही तरी हंगामाआधी आपल्या खर्चाने करून घ्या आणि तिची एक प्रत घरी ठेवा.