ब्रीदरचा पाइप रस्त्यावरून टर्बोत कसा गेला

उसाचा हंगाम आटोपला की बेळगावच्या ऑटो नगरात आणि निपाणी-संकेश्वरच्या हमरस्त्याकडेच्या गॅरेजांत ट्रक कामाला लागतात. त्यातली एक तक्रार ठरलेली. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या कूलरचा, रबरी होज चढावर सुटतो, गाडी ओढत नाही, होजच्या आत बोट फिरवलं की काळं ऑइल हाताला लागतं. ड्रायव्हर म्हणतो, "मेस्त्री, टर्बो गेलाय काय बघा की." टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बदलला जातो, मोठं बिल होतं, आणि महिन्याभरात होज पुन्हा ओला. बऱ्याच गाड्यांत ते ऑइल मुळात टर्बोचं नसतंच. ते क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या चेंबरातून, आलेलं असतं. ही वाट नव्या गाड्यांनी जन्माला घातलेली नाही. तिला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

पिस्टनला रिंगा असल्या तरी सिलिंडर शंभर टक्के बंद कधीच होत नाही. डिझेल इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, वर स्फोटाचा दाब. त्यातला थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरात उतरतो. गॅरेजच्या भाषेत 'कंप्रेशन पास होतंय', कंपनीच्या पुस्तकात 'ब्लो-बाय'. नव्या इंजिनातही तो असतो, फक्त कमी. त्याला बाहेर पडायला वाट दिली नाही तर दाब वाढून क्रँकचे ऑइल सील फुटतील. म्हणून टॅपेट कव्हरवर किंवा ब्लॉकच्या कुशीत ब्रीदर असतो. वायू एकटा बाहेर पडत नाही. फिरत्या क्रँकने उडवलेल्या ऑइलचे बारीक कण सोबत घेऊन जातो, आणि त्यातले पुष्कळ एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. साधी जाळी त्यांना अडवू शकत नाही.

टाटांनी 1954 साली डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, अशोक लेलँड 1955 पासून त्याच नावाने उभी राहिली. पुढे कित्येक वर्षं पुणे-बंगळूर रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत टर्बो नव्हता. ब्रीदरचा पाइप इंजिनाच्या बाजूने खाली उतरायचा आणि चासीखाली उघड्यावर संपायचा. टोक तिरकं कापलेलं, म्हणजे गाडी पळताना वाऱ्याने आतला वायू ओढला जावा. ऑइलचे थेंब रस्त्यावर पडायचे आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नसे. उलट तेच इंजिनाचं निदान होतं. क्लीनर इंजिन चालू ठेवून पाइपाच्या तोंडाशी तळवा धरायचा. झुळूक लागली तर ठीक, धापा लागल्या आणि तळव्यावर ऑइलचे ठिपके उमटले तर रिंगा-लायनरचं काम जवळ आलं. हे निदान फुकट होतं आणि सहसा चुकत नसे.

हा पाइप बंद करण्याचा विचार निघाला तो अमेरिकेत, पेट्रोल गाड्यांसाठी. लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर अभ्यास सुरू असताना लक्षात आलं की न जळलेलं इंधन नुसतं सायलेन्सरमधून नव्हे, क्रँककेसच्या पाइपातूनही बरंच हवेत जातं. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या गाड्यांत तो वायू पुन्हा इंजिनाच्या तोंडी द्यायला सुरुवात झाली, आणि 1963 पासून देशभर. डिझेलला मात्र सूट मिळाली, आणि तिला कारण होतं. डिझेल इंजिन दाबतं ती नुसती हवा. इंधन शेवटच्या क्षणी फवारलं जातं, त्यामुळे रिंगांतून निसटणाऱ्या वायूत कच्चं इंधन कमी. शिवाय टर्बोवाल्या इंजिनांच्या उत्पादकांचं म्हणणं होतं की ऑइलचे कण टर्बोत आणि कूलरमध्ये गेले तर दोन्ही बरबटतील. टर्बोवाल्या जड डिझेलची ही सूट थेट 2007 पर्यंत चालली. त्या वर्षीपासून अमेरिकेत जड डिझेल इंजिनांना नियम लागला की क्रँककेस बंद करा, नाहीतर तिथून निघणारं उत्सर्जन सायलेन्सरच्या आकड्यात मिळवून दाखवा. उत्पादकांनी जी भीती घातली होती ती खोटी नव्हती, हे आज होज उघडणाऱ्या कुठल्याही मेस्त्रीला विचारावं.

आपल्याकडे आधी टर्बो आला, नियम मागून आले. 1993 साली जमशेदपूरला टाटा कमिन्सची स्थापना झाली आणि टाटांच्या गाड्यांत कमिन्सची सहा सिलिंडरची टर्बो इंजिनं बसू लागली. बेळगावहून भाजी-दूध घेऊन चोर्ला घाटातून गोव्यात उतरणाऱ्या आणि परत चढणाऱ्यांना टर्बोचा फायदा समजावून सांगावा लागला नाही. पण टर्बोने दोन गोष्टी बदलल्या. सिलिंडरमधला दाब वाढला, म्हणजे खाली निसटणारा वायूही वाढला. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. टर्बोच्या शाफ्टला वंगण देणारं ऑइल नुसत्या उताराने चेंबरात परततं, त्याला ढकलणारा पंप नसतो. चेंबरात दाब साठला की ते परतीचं ऑइल तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं. म्हणजे टर्बो खरोखर ऑइल फेकत असला तरी दोष चोंदलेल्या ब्रीदरचा असू शकतो. नवा टर्बो महिन्यात का ओला होतो, त्याचं एक उत्तर इथे आहे.

नंतर भारत स्टेजच्या, म्हणजे गाड्यांच्या धुरावरच्या सरकारी नियमांच्या, पायऱ्या आल्या. 1 एप्रिल 2010 ला स्टेज 4 तेरा शहरांत लागू झाला. त्यात पुणे होतं, सोलापूर होतं, बेंगळुरू होतं. पुणे-बंगळूर रस्त्यावर मध्ये असलेलं बेळगाव यादीत नव्हतं. देशभर स्टेज 4 आला 1 एप्रिल 2017 ला, आणि स्टेज 3 च्या उरलेल्या गाड्या विकायला सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवस आधी मनाई केली. पाचवी पायरी गाळून 1 एप्रिल 2020 ला थेट सहावी. या चढणीत चासीखालचा पाइप वळून वर गेला आणि एअर फिल्टर व टर्बो यांच्यामधल्या नळीला जोडला गेला. जे ऑइल रस्त्यावर टपकत होतं ते आता टर्बो, इंटरकूलर, सिलिंडरांना हवा वाटणारं मॅनिफोल्ड असा प्रवास करू लागलं.

तिथे त्याचं काय होतं, हे इंजिनावर ठरतं. टर्बोच्या गरम भिंतीवर ते करपून कडक थर होतो. इंटरकूलरच्या तळाशी साचतं, आणि नळ्यांना आतून ऑइलचा लेप बसला की हवा नीट थंड होत नाही. रबरी होज ऑइलने फुगतो, क्लॅम्पखालून सरकतो. ज्या गाड्यांत ईजीआर आहे, म्हणजे जळालेला धूर थोडा परत आत घेतला जातो, तिथे काजळी आणि ऑइल मिळून मॅनिफोल्डमध्ये काकवीसारखी राळ बसते. ती पुढे घट्ट होते आणि भोकं अरुंद करते.

आपल्या भागातलं कामही याला हातभार लावतं. अनमोड किंवा आंबोलीच्या चढावर भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये ओढत राहते, तेव्हा निसटणारा वायू सर्वांत जास्त. कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे सरकत राहिलं की इंजिन नीट तापत नाही, रिंगा नीट बसत नाहीत. खानापूरकडच्या पावसात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर धरतो, तो ओलाव्याचा, आणि तो ब्रीदरची जाळीही चोंदवतो. उन्हाळ्यात लाल धूळ. एअर फिल्टर भरला की पुढच्या नळीतली ओढ वाढते आणि ब्रीदरमधून ऑइल जास्त खेचलं जातं. अशा वेळी इंजिन ठणठणीत असूनही होज ओला सापडतो.

यावर इथला प्रचलित उपाय म्हणजे घड्याळ उलटं फिरवणं. ब्रीदरचा होज टर्बोच्या नळीवरून काढून जुन्यासारखा चासीखाली सोडायचा, किंवा प्लास्टिकच्या बाटलीत. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या मालकाला तो का पटतो हे कळतं, पण मला तो पटत नाही. रिकाम्या झालेल्या भोकात बोळा कोंबला जातो. ते भोक एअर फिल्टरच्या पुढे असतं. बोळा सैल झाला तर धूळ न गाळता टर्बोत, आणि सुटला तर बोळाच टर्बोत. स्टेज 6 च्या गाडीत तर हे सरळ नियमाविरुद्ध आहे.

ऑइलची नुसती ओल ही बंद ब्रीदरच्या गाडीत नेहमीची. होज काढल्यावर धार लागली तर मात्र शोध घ्यावा. एअर फिल्टर, ऑइलची पातळी (वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं ऑइल क्रँक थेट उडवतो), ब्रीदरचं एलिमेंट (आतली गाळणी), मग टर्बोची परतीची नळी. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून भोकावर उलटं ठेवलं आणि ते उडून पडलं तर रिंगांचा संशय. पक्कं उत्तर दाब मोजूनच मिळतं.

इंटरकूलर काढून रिकामा करून, धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवावा. आत साचलेलं ऑइल इंजिनाने एकदम ओढलं तर ते त्याच ऑइलवर धावू लागतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मग हवा तोडणं किंवा ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन दाबणं एवढंच उरतं. ॲल्युमिनियमचं मॅनिफोल्ड कॉस्टिकमध्ये बुडवू नये, धातू खाल्ला जातो.

स्टेज 6 मध्ये आणखी एक भर पडली आहे. इंजिनात जळालेल्या ऑइलची राख सायलेन्सरमधल्या, काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरमध्ये साचते, आणि काजळीसारखी ती जाळून जात नाही. कमी राखेचं सीजे-4 दर्जाचं ऑइल 2006 साली आणि सीके-4 2016 साली आलं, ते याच फिल्टरांचा विचार करून. जुन्या सवयीने स्वस्त ऑइल ओतलं तर ब्रीदरची चूक डीपीएफच्या बिलात निघते. ब्रीदरच्या एलिमेंटचंही तसंच. जुन्या गाडीतली तारेची जाळी डिझेलमध्ये धुऊन बसवली की भागायचं. नव्यातलं तंतूंचं एलिमेंट धुतलं की वाया जातं. ते कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला बदलावंच लागतं.