नीड-ब्लाइंड म्हणजे सगळं फुकट नाही बरं का

दरवर्षी दिवाळी आली की बारावीतल्या मुलांचे मेसेज सुरू होतात, ताई, अमेरिकेतली अमुक युनिव्हर्सिटी नीड-ब्लाइंड आहे, म्हणजे घरची परिस्थिती बेताची असली तरी सगळा खर्च तेच करतात ना? माझ्या पोटात गोळाच येतो, कारण नीड-ब्लाइंड आणि फुल-नीड या दोन शब्दांच्या घोळात चांगली हुशार मुलं चुकीच्या कॉलेजांची यादी करून बसतात.

नीड-ब्लाइंड हा शब्द फक्त ॲडमिशनपुरता आहे. तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवताना तुम्हाला फी झेपेल का हे ते बघत नाहीत, बस एवढंच, घेतल्यावर पैसे देणार का आणि किती देणार याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. पैशाचा शब्द फुल-नीड. म्हणजे एकदा घेतलं की एकूण खर्चातून तुमच्या घरच्यांना जेवढं परवडेल असं कॉलेजला वाटतं तेवढं वजा करायचं आणि उरलेलं सगळं कॉलेजने भरायचं.

आता यातलं एक असून दुसरं नसलं की काय होतं बघा. बर्कलीला ॲडमिशन देताना घरचे पैसे बघत नाहीत, पण परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदतही मिळत नाही, आणि वर्षाचा खर्च 80,000 डॉलरच्या पुढे. म्हणजे सिलेक्शन झाल्याचे पेढे वाटायचे आणि मग घरात शांतता. स्टॅनफर्डचं बरोबर उलटं, परदेशी मुलाने मदत मागितली असेल तर ते ॲडमिशन देताना विचारात घेतात, पण घेतलं की गरज पूर्ण भागवतात. आणि तिथे एक फार वाईट खाच आहे. चान्स कमी होईल या भीतीने अर्जात मदत नको असं लिहिलं तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. प्लीज असं करू नका, कुणी एजंट सांगत असला तरी.

परदेशी मुलांसाठी दोन्ही असणारी कॉलेजं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही जुनी, डार्टमथने 2022 मध्ये सुरू केलं आणि ब्राउनने 2025 ला येणाऱ्या बॅचपासून. हार्वर्डने तर 2025-26 पासून वर्षाला 1,00,000 डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राहण्या-जेवणासकट सगळं मोफत केलंय, आपल्याकडची बहुतेक घरं त्यात आरामात बसतात. पण ॲडमिशन मिळणं किती कठीण ते वेगळं सांगायला नको.

फुल-नीडमधली गरज किती हे कॉलेज ठरवतं, तुम्ही नाही, आणि खरा त्रास तिथे होतो. फॉर्ममध्ये जमीनजुमल्याची किंमत विचारतात. सातबाऱ्यावर चार काकांची नावं, वाटणी झालेली नाही, रस्त्यालगत म्हणून भाव कोटीत आणि हातात येतं सोयाबीनचं तेवढंच, हे अमेरिकेतल्या ऑफिसमधल्या माणसाला कसं कळणार? म्हणून सोबत साध्या भाषेत पत्र जोडा, जमिनीत वाटेकरी किती, आपला हिस्सा किती, कर्ज किती, गेल्या वर्षी पीक किती गेलं, सगळं लिहा, लाजू नका.

आणि फुल-नीड मिळूनही हात रिकामे राहू शकतात. कॉलेज बऱ्याचदा धरून चालतं की मूल टर्ममध्ये नोकरी करेल आणि सुट्टीत कमवेल, पण एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवरच आणि आठवड्याला 20 तासच काम करता येतं. स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो, त्यावर 14 टक्के कापून घेतात. भारत-अमेरिका कर करारातल्या 21 व्या कलमामुळे रिटर्न भरताना आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे करपात्र रकमेतून ठरावीक वजावट, मिळतं, पण ते माहीत असलं तर ना!

मग वर्गातली माणसं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या 38 कॉलेजांत सगळ्यात श्रीमंत 1 टक्का घरांतली मुलं खालच्या 60 टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती, त्यात येल, प्रिन्स्टन, डार्टमथ, ब्राउनसुद्धा. म्हणजे रूममेट मार्चच्या सुट्टीत फिरायला निघालेत, डायनिंग हॉल बंद किंवा अर्धवट चालू, आणि आपलं लेकरू खोलीत मॅगीवर दिवस काढतंय, असं खरंच होतं. सुट्टीतलं जेवण, थंडीचे कपडे, घरी यायचं तिकीट यासाठी काही कॉलेजांत वेगळा फंड असतो पण मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, तेव्हा ॲडमिशन ऑफर आली की होकार कळवायच्या आधीच एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदत बघणाऱ्या विभागाला, मेल करून हे तिन्ही विचारून घ्या, आणि उत्तर लेखी ठेवा.